जहाजावर दिवसभर करायचे तरी काय?

वाचकाचे पत्र

सादर नमस्कार. मी ६७ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली गृहिणी आहे. यजमान ७२ वर्षांचे. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरी रोज पहाटे लालबागेत चालून आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमची मुलगी आणि जावई बेंगळुरूला असतात. येत्या मे महिन्यात दोन्ही नातवंडांसह आम्हा सर्वांना बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझवर न्यायचे त्यांनी ठरवले आहे. मी भिडेखातर हो म्हटले, पण तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. आम्ही माळव्यातली माणसे, आमचे पाणी म्हणजे ओंकारेश्वरची नर्मदा. मला मांडवगडच्या रस्त्यालासुद्धा गाडी लागते. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि मी एकादशी करते. जहाजावर चार भिंतींत माणूस आठ दिवस करतो तरी काय? मधल्या समुद्रात यजमानांना काही झाले तर डॉक्टर कुठला? आणि सर्वांत मोठी भीती ही, की आमच्या पायी मुलांची सहल बिघडेल. काहीतरी निमित्त सांगून नाही म्हणावे का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर

ताई, सादर नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. निमित्त सांगून नाही म्हणू नका, आणि नुसत्या भिडेच्या होकारावर जाऊही नका. आपण काय पत्करतो आहोत हे नीट समजून घ्या, आपल्या दोन-चार अटी मुलीला मोकळेपणाने सांगा आणि मग अवश्य जा. मोठ्या जहाजांवरून मी स्वतः प्रवास केला आहे आणि आपल्याकडच्या अनेक ज्येष्ठांना या प्रवासाची तयारीही करून दिली आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की निघताना सगळ्यांना कंटाळ्याची धास्ती असते, आणि उतरताना बहुतेक जण दमून गेलेले असतात. जहाजावर करण्यासारखे इतके काही असते, आणि ‘पैसे तर भरलेच आहेत’ ही भावना मागे इतकी लागलेली असते, की माणूस सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत पळत राहतो. तुमचे आणि यजमानांचे वय व प्रकृती पाहता तुम्हाला जपायचे आहे ते या पळापळीपासून. पुढचे सगळे मी याच दृष्टीने लिहीत आहे.

‘चार भिंतींत’ असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून आधी आकाराची कल्पना देते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामी बंदरातून सुरू झालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज ३६५ मीटर लांब आहे, त्याला २० डेक आहेत आणि पूर्ण भरले तर त्यावर सुमारे ७,६०० प्रवासी व २,३५० कर्मचारी असतात. बुडालेले ‘टायटॅनिक’ त्याच्या काळातील सर्वांत मोठे जहाज होते, आणि त्याची लांबी २६९ मीटर होती. आपल्या राजवाड्याचे सात मजले डोळ्यांसमोर आणा, त्यावर तसाच एक राजवाडा ठेवा आणि वर आणखी काही मजले चढवा, म्हणजे डेकची ही उंची ध्यानात येईल. भूमध्य समुद्रात फिरणारी सगळीच जहाजे एवढी अजस्र नसतात, पण तीन ते सहा हजार प्रवाशांची जहाजे तिथे नेहमीची आहेत. त्यांवर नाट्यगृह, वाचनाची खोली, पोहण्याचे तलाव, दुकाने, व्यायामशाळा, दवाखाना आणि पाच-सहा तरी भोजनगृहे असतात. कोंडल्यासारखे वाटण्याचा प्रश्न सहसा येत नाही. उलट पहिले दोन दिवस आपली केबिन कुठल्या बाजूला, हेच लोक शोधत असतात. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर नाकाकडे जायचे की शेपटाकडे, हे कळायला वेळ लागतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे म्हणजे अर्धा किलोमीटरहून अधिक चालणे होते. यजमानांना चालण्याचा सराव आहे, हे चांगलेच आहे. तुमचे गुडघे दुखत असतील, तर मात्र केबिन लिफ्टजवळ, परंतु लिफ्टला अगदी लागून नाही, अशी मागा.

केबिनची निवड हा या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि नेमका तोच बहुतेक घरांत मुले आईवडिलांना न विचारता घेतात. जहाज डोलते तेव्हा मध्यभागी आणि खालच्या डेकवर त्याची हालचाल सर्वांत कमी जाणवते, तर पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर सर्वांत जास्त. ज्यांना गाडी लागते त्यांना जहाज लागण्याचाही संभव अधिक असतो, म्हणून तुमच्यासाठी मधली आणि खालची केबिन हवी, मग तिची बाल्कनी लहान असली किंवा नुसती खिडकी असली तरी चालेल. आतल्या बाजूच्या केबिनला खिडकी नसते. दिवा मालवला की तिथे भरदुपारीही मिट्ट काळोख होतो, आणि पहाटे उठणाऱ्या तुमच्या यजमानांना उजाडले की नाही हे घड्याळावरूनच ठरवावे लागेल. मी तुमच्यासाठी तशी केबिन घेणार नाही. केबिनच्या डोक्यावर काय आहे, हेही जहाजाच्या नकाशावर पाहून घ्या. वर बुफेची जागा किंवा पोहण्याचा तलाव असेल, तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट छतातून येतो. वर आणि खाली प्रवाशांच्याच केबिन असतील, तर झोप शांत लागते.

खोली लहान असते, आपल्याकडच्या चांगल्या हॉटेलच्या खोलीच्या निम्मी म्हणा ना. पण सुटकेस पलंगाखाली सरकवता येतात आणि भिंती पोलादी असल्यामुळे लोहचुंबकाचे हुक त्यांवर चिकटतात. असे चार हुक नेले, तर पिशव्या, टोप्या आणि रोजचे कार्यक्रमपत्रक टांगायची सोय होते. स्नानगृह अगदी चिमुकले असते. शौचालयात आपल्यासारखी पाण्याची सोय बहुतेक जहाजांवर नसते, कागदच असतो. हे कोणी आधी सांगत नाही आणि आपल्या माणसांची तिथे पहिल्याच दिवशी पंचाईत होते. एक छोटा प्लास्टिकचा तांब्या किंवा दाबून पाणी सोडता येणारी बाटली सामानात असू द्या. कपडे सुकवायला न्हाणीघरात ताणायची दोरी बऱ्याच जहाजांवर असते. कपडे धुऊन मिळतात, पण त्याचे पैसे वेगळे पडतात.

तुम्ही नित्य देवपूजा करत असाल, तर एक गोष्ट आताच सांगून ठेवते. जहाजावर आगीइतके कशालाच भीत नाहीत. केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती यांपैकी काहीही पेटवता येत नाही. इस्त्री आणि पाणी तापवायची किटली सामानात सापडली, तर तीही काढून ठेवतात. पोथी, जपमाळ आणि देवांची तसबीर न्या, दिवा मात्र घरी परतल्यावर.

आता पहिल्या दिवसाविषयी. बंदरावर पोहोचल्यावर मोठे सामान कर्मचारी ताब्यात घेतात आणि ते केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात, कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधे, पासपोर्ट, चष्मा, एक जोडी कपडे आणि स्वेटर हातातल्या पिशवीतच असावेत. यजमानांची एकही गोळी मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका. तिथे तुम्हाला एक कार्ड मिळते. तीच खोलीची किल्ली, तीच ओळख आणि तोच पैशांचा बटवा असतो, आणि जहाजावरून उतरताना व चढताना तेच दाखवावे लागते. नंतर सर्वांना सुरक्षेचा सराव करावा लागतो. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला, तर कुठे जमायचे, लाइफ जॅकेट कसे घालायचे, हे त्यात सांगतात. हा वेळ लोक बडबडीत घालवतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे दगावली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोपर्यंत झालेलाच नव्हता. त्या अपघातानंतर नियम बदलला आणि हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच करणे बंधनकारक झाले. यजमानांचा हात धरून तुमच्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालत जाऊन या, कारण संकटाच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही.

तुमचा मूळ प्रश्न होता, दिवसभर करायचे काय. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रमपत्रक केबिनमध्ये येते, आजकाल बऱ्याच जहाजांवर ते मोबाइलच्या अॅपवर असते. सकाळी सहापासून व्यायाम, मग व्याख्यान, नृत्याचा वर्ग, पत्त्यांचे डाव, प्रश्नमंजूषा, दुपारी चहा आणि वाद्यसंगीत, संध्याकाळी नाट्यगृहात मोठा कार्यक्रम, रात्री पुन्हा गाणी, असे वेळापत्रक अर्ध्या-अर्ध्या तासाने भरलेले असते. ते पत्रक हाती आले की त्यातल्या दोनच गोष्टींवर खूण करा, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. बाकीचे सुटले असे मुळीच समजू नका. यजमानांसाठी बहुतेक मोठ्या जहाजांवर वरच्या किंवा मधल्या डेकवर चालण्याची वाट आखलेली असते आणि पहाटे साडेपाच-सहाला तिथे मोजकीच माणसे असतात. डेकवर जाणारी दारे जड असतात, वाऱ्याने ती अंगावर येतात, आणि त्यांना उंच उंबरठा असतो. दोन्ही हातांनी दार धरून, पाय उचलून ओलांडायचे, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. पहाटे डेक धुतलेला असतो, तेव्हा तळव्यांना पकड असलेले बूट हवेत. साडी नेसायला काहीच हरकत नाही, पण वाऱ्यात पदर आवरणे अवघड जाते आणि बंदरावर उतरायचा पूल उतरता असतो, म्हणून त्या वेळी सलवार-कमीज सोयीची पडते. रात्री जेवणाला मात्र एखादी रेशमी साडी जरूर न्या. नटून जेवायला जाण्याची एखादी संध्याकाळ बहुतेक जहाजांवर असते.

या सात रात्रींच्या फेरीत पूर्ण दिवस समुद्रात जाईल असा बहुधा एकच असतो. बाकी रोज नवे बंदर, आणि दमण्याचे खरे कारण तेच. कंपनीच्या माहितीपत्रकावर ‘रोम’ असे छापलेले असते, पण जहाज लागते चिविटाव्हेकिया बंदराला. तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे बसने जाऊन-येऊन तीन तास गेलेच. ‘फ्लॉरेन्स’ असे लिहिलेले असते तेव्हा जहाज लिव्होर्नो किंवा ला स्पेझियाला थांबते आणि तिथूनही तसाच लांबचा प्रवास असतो. मे महिन्यातल्या उन्हात दगडी रस्त्यांवर पाच-सहा तास चालायचे, एका जागी उभे राहून मार्गदर्शकाचे ऐकायचे आणि ठरलेल्या वेळेच्या आत परतायचे, हे सलग पाच दिवस केले तर तरुण माणूसही आडवा होतो. नेपल्सची गोष्ट वेगळी आहे. तिथे जहाज शहराच्या कुशीतच लागते, समोर जुना किल्ला दिसतो, आणि तासाभराचे फिरणे करून तुम्ही चहाला परत जहाजावर येऊ शकता.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की पाच बंदरांपैकी लांबचे एकच निवडा. रोम पाहायची इच्छा असेल तर रोम. नेपल्ससारख्या जवळच्या ठिकाणी थोडे उतरा. उरलेल्या दिवशी मुले उतरतील, तुम्ही दोघे जहाजावरच थांबा. तो दिवस वाया गेला असे कोणी म्हणेल, तुम्ही मनावर घेऊ नका. हजारो माणसे सकाळी साडेआठला उतरून जातात आणि ते अवाढव्य जहाज तुमचे होते. समुद्राच्या दिवशी मिळवायला धडपड करावी लागते त्या खुर्च्या रिकाम्या असतात, बुफेत रांग नसते, वाचनाच्या खोलीत मोठ्या काचेपाशी बसून बंदराची सगळी लगबग पाहता येते. मला जहाजावरच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत आवडतो आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. उतरलात तर परत चढण्याची वेळ पाहून ठेवा. ती जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, आपण आपले गेलो तर थांबत नाही. यजमानांसह लांब जायचे असेल, तर थोडे महाग पडले तरी कंपनीच्याच सहलीने जा.

जेवणाची काळजी तुम्ही समजता तेवढी नाही, पण आधी कळवावे लागते. तिकीट घेतानाच ‘भारतीय शाकाहारी’ असे नोंदवायला सांगा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहातील प्रमुखांना स्वतः भेटून मांस, मासे, अंडे यांपैकी काय चालत नाही ते एकेक शब्दात सांगा, कारण तिकडे ‘शाकाहारी’ म्हटल्यावर अंडे आणि कधी मासेही गृहीत धरतात. ठरलेल्या वेळेला ठरलेल्या टेबलावर बसलात, तर सातही रात्री वाढपी तोच असतो. दुसऱ्या दिवसासाठी डाळ, भात, भाजी असे काही त्याला आदल्या रात्री सांगून ठेवता येते आणि आपल्या आवडीनिवडी तो लक्षात ठेवतो. बुफेत मात्र डाव आणि चमचे इकडचे तिकडे होतात. तुमचा कटाक्ष कडक असेल तर वाढून घेण्यापेक्षा भोजनगृहात बसून जेवा. एकादशीला साबुदाणा मिळायचा नाही, पण फळे, दूध, दही, उकडलेला बटाटा मुबलक असतो. घरी शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला सुका खाऊ सहसा चालतो. त्यामुळे शेव नेणार असाल, तर दुकानातून पाकीटबंदच घ्या. जहाजावरची फळे बंदरावर घेऊन उतरू नका, अनेक ठिकाणी त्याला मनाई आणि दंड आहे. आणि प्रत्येक जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर निर्जंतुक जेलपेक्षा साबण-पाणी अधिक उपयोगी पडते.

जहाज लागण्याविषयी. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्थिरक असतात, त्यामुळे डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी होते. भूमध्य समुद्र मे महिन्यात बहुधा शांत असतो, पण फ्रान्समधील मार्सेच्या जवळचा भाग, ज्याला लिऑनचे आखात म्हणतात, तिथे मिस्त्राल नावाचा जोरदार वारा सुटला की लाटा उठतात. तुमच्या फेरीत मार्से असेल, तर त्या रात्रीची तयारी ठेवा. मळमळीची गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते, तिने झापड येते आणि वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो. म्हणून कोणती आणि किती, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा आणि इथेच एकदा घेऊन पाहा. त्रास वाटू लागला तर केबिनमध्ये पडून राहू नका, मोबाइल पाहू नका. मधल्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसा, कोरडी बिस्किटे आणि आले चघळा. बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत रुळते.

यजमानांच्या प्रकृतीबद्दल स्पष्ट लिहिते. मोठ्या जहाजांवर डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, ऑक्सिजन, काही तपासण्या आणि तातडीची औषधे असतात. अँजिओप्लास्टी तिथे होत नाही. रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरावरच्या रुग्णालयात पाठवतात, अगदी गंभीर वेळी हेलिकॉप्टर बोलावतात. हा खर्च प्रचंड असतो. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, परंतु तेवढ्यावर थांबू नका. हृदयाचा जुना आजार लिहून जाहीर केलेला आणि तो संरक्षणात धरलेला, शिवाय जहाजावरून हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्या. जुना आजार लपवून घेतलेला विमा ऐन वेळी कागदाचा कपटा ठरतो. निघण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून प्रवासास हरकत नाही असे पत्र घ्या, औषधांची नावे रासायनिक नावांसह लिहून घ्या आणि गोळ्या दुप्पट दिवसांच्या बरोबर ठेवा. डॉक्टरांनी नको म्हटले, तर तो शब्द अखेरचा माना. तेव्हा मुलीला द्यायला खरे कारण असेल, निमित्ताची गरजच पडणार नाही.

पैशांचे थोडक्यात. तिकिटात राहणे, मुख्य भोजनगृह, बुफे आणि बहुतेक कार्यक्रम येतात. खास भोजनगृहे, बाटलीबंद पेये, इंटरनेट, छायाचित्रे, बंदरावरच्या सहली आणि दवाखाना यांचे पैसे वेगळे, आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी दर माणशी दर दिवशी आपोआप खात्यावर चढते, अनेक अमेरिकी कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर असते. ती कापून घेऊ नका असे कंपनीला सांगावे, असे काही प्रवासी सुचवतात. मला ते योग्य वाटत नाही. तुमची केबिन रोज आवरणारा मुलगा सहा-आठ महिने एकही साप्ताहिक सुट्टी न घेता काम करत असतो, आणि त्याच्या घरचे त्या रकमेवर अवलंबून असतात. या मंडळींत गोव्याची, कोकणची मुलेही भेटतात. त्यांच्याशी आपल्या भाषेत दोन शब्द बोललात, तर त्यांना फार बरे वाटते. मोबाइल पहिल्या दिवशीच विमान-स्थितीत ठेवा, कारण भर समुद्रात जहाजाचे मोबाइल जाळे पकडले गेले तर बिल डोळे पांढरे करणारे येते.

राहिली तुमची सर्वांत मोठी भीती, मुलांवर ओझे होण्याची. जहाज त्यासाठी इतर कोणत्याही सहलीपेक्षा सोयीचे आहे. रस्त्याच्या सहलीत सगळ्यांना एकाच गाडीत, एकाच वेगाने जावे लागते. इथे मुलगी-जावई सकाळी सातला उतरतील, नातवंडे त्यांच्या वयाच्या मुलांसाठी असलेल्या कक्षात रमतील, तुम्ही नऊ वाजता सावकाश नाश्ता कराल, आणि कोणाचे कोणावाचून अडणार नाही. फक्त हे आधी बोलून ठरलेले हवे. न बोलता राहिलात, तर मुलगी ‘आई एकटी कशी राहील’ म्हणून मागे थांबेल, तुम्ही ‘ती थांबली’ म्हणून मन मारून उतराल, आणि दोघीही दमाल. तिला सांगा, की दिवस ज्याचा त्याचा आणि रात्रीचे जेवण सगळ्यांचे एकत्र. त्या जेवणाची वेळ शक्यतो लवकरची, सहाच्या सुमाराची घ्यायला सांगा. नातवंडांना एक दुपार तुम्ही सांभाळा आणि त्या दोघांना मोकळीक द्या, म्हणजे घेणे-देणे दोन्ही बाजूंनी होईल.

इंदूरहून बार्सिलोनाला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीवरून आणि पुढे बहुधा आणखी एक विमान बदलून जावे लागेल. म्हणून जहाज सुटण्याच्या दिवशी पोहोचणारे तिकीट काढू देऊ नका. निदान एक रात्र आधी बार्सिलोनात मुक्काम हवा. विमान चुकले तर जहाज वाट पाहत नाही, आणि तुम्हा दोघांना त्या विश्रांतीची गरजही आहे.

मुलीला आजच फोन करून चार गोष्टी विचारा. तुमची केबिन कोणत्या डेकवर आणि मध्यापासून किती अंतरावर आहे, तिच्या वर काय आहे, जेवणाची नोंद झाली का, आणि विम्यात यजमानांचा आजार लिहिला का. आगाऊ रक्कम भरली असली, तरी केबिन बहुधा बदलून मिळते, मात्र मधल्या आणि खालच्या डेकवरच्या चांगल्या जागा आधी संपतात, म्हणून हा फोन पुढच्या आठवड्यावर टाकू नका.